गाडीत पुढे थंडी, मागे उकाडा



हिवाळ्यात आम्हांला फोन येतात ते गुडघ्यांचे आणि ब्लडप्रेशरचे. जून लागला की त्यांत गाडीच्या एसीची भर पडते. "मावशी, माझ्या बाजूला गरम वारा आणि ह्यांच्या बाजूला बर्फ. गॅरेजवाला बाराशे डॉलर सांगतोय. काय करू?" आता नर्सला एसीतलं काय कळणार, असं म्हणून आम्ही सुटका करून घेऊ पाहतो. पण आपल्या बायका काय कमी आहेत? "जन्मभर लोकांचा ताप मोजलात ना? मग हाही मोजा," असं उत्तर येतं. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. चांगला मेकॅनिक पण हेच करतो. कुठे गरम, कुठे गार, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने उतरतं, हे आधी विचारतो आणि मग हत्यार हातात घेतो. म्हणून या वेळी सदरात औषधपाण्याला थोडी सुटी. पूर्ण सुटी नाही, ते पुढे येईलच.

बालमित्रांनो, आधी तुमच्यासाठी. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडाला स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा गार लागतं, होय ना? ते स्पिरिट काही फ्रिजमधून काढलेलं नसतं. उडून जाताना ते तुमच्या कातडीतली उष्णता घेऊन जातं. आजी-आजोबांना विचारा, अलिबाग-पेणकडच्या घरांत मातीच्या माठातलं पाणी असंच गार व्हायचं. गाडीचा एसी हेच करतो, फक्त त्याच्यातलं "स्पिरिट" बाहेर उडून जात नाही, बंद नळ्यांतून गोल गोल फिरतं. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबलं की ते तापतं. मग ते गाडीच्या अगदी तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सर नावाच्या जाळीत जातं. तिथे बाहेरच्या वार्‍याला उष्णता देऊन टाकतं आणि त्याचं पाण्यासारखं पातळ होतं. पुढे एका बारीक छिद्रातून डॅशबोर्डच्या मागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतं, तिथे त्याची वाफ होते आणि कॉइल गारठते. पंखा त्या कॉइलवरून हवा ढकलतो, ती तुमच्या तोंडावर येते.

या फिरणार्‍या पदार्थाला आपण मुंबईत "गॅस" म्हणत होतो. इथे गॅस म्हटलं की लोक पेट्रोल समजतात, तेव्हा गॅरेजात "रेफ्रिजरंट" म्हणावं, नाहीतर जुन्या माणसांसारखं "फ्रीऑन". जुन्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनच्या थराला त्याने भोक पडतं म्हणून १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि अमेरिकेत १९९५ च्या अखेरीस त्याचं उत्पादन बंद झालं. मग आर-१३४ए आला, आणि आता नव्या गाड्यांत बहुतेक आर-१२३४वायएफ असतो. आपल्या गाडीत कोणता आणि किती, हे बॉनेट उघडलं की आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, जसं रक्ताचा गट बदलून चालत नाही.

एसीची गोष्ट निघाली आणि गोल्डबर्ग बंधूंचा विनोद सांगितला नाही तर काही वाचक रागावतील. आपल्या यहुदी लोकांत तो फार वर्षं फिरतोय. नॉर्मन, हायमन आणि मॅक्स या तीन भावांनी म्हणे गाडीचा एसी शोधून काढला आणि उन्हाच्या दिवशी हेन्री फोर्डला आपल्या गाडीत बसवून दाखवला. फोर्ड खूश. पण भावांची अट अशी की प्रत्येक गाडीवर "गोल्डबर्ग" नाव पाहिजे. फोर्डने आपल्या वर्तमानपत्रात १९२० च्या दशकात यहुद्यांविरुद्ध काय काय छापवलं ते मोठ्यांना ठाऊक आहेच, तो ते नाव कुठला लावतोय! मग पुष्कळ घासाघीस होऊन नुसती पहिली नावं घालायचं ठरलं. म्हणून आजतागायत एसीच्या बटणांवर नॉर्म, हाय आणि मॅक्स असतं. खरी हकीकत अशी की एसी लावलेली गाडी पहिल्यांदा विकली ती पॅकार्ड कंपनीने, १९४० च्या मॉडेलला. ते यंत्र मागच्या डिकीत निम्मी जागा खाई आणि थंड हवा मागच्या सीटच्या पाठीमागून येई. बंद करायला बटण नाही. इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा! म्हणजे तेव्हा मागे बसणार्‍याची मान गारठायची आणि ड्रायव्हर घामाने भिजायचा. १९५४ साली नॅश कंपनीने सगळं पुढे, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डात बसवलं. तेव्हापासून मागे बसणार्‍याची पाळी आली.

आता मोजायचं कसं? तापाचं थर्मामीटर इथे कामाचं नाही, ते ९४-९५ फॅरेनहाइटच्या खाली उतरतच नाही. स्वयंपाकघरातलं सळईचं थर्मामीटर घ्या, पण तबकडीवर शून्यापासून आकडे असलेलं. काहींचे आकडे १३० च्या आसपास सुरू होतात, ते नुसतं मटणापुरतं. (दुधाचं की मटणाचं, हा प्रश्न गाडीच्या व्हेंटला लागू नाही.) मोठ्या माणसाने गाडी उघड्यावर, सावलीत उभी करावी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून हा प्रयोग कदापि करू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वासही नसतो. एसी सगळ्यात थंडवर, आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबलेलं, पंखा मध्यम. दहा मिनिटांनी सळई एकेका व्हेंटमध्ये धरून आकडा लिहायचा. हे काम नातवंडांनी करावं, त्यांना ते फार आवडतं. आम्ही वॉर्डात जसा टी.पी.आर.चा चार्ट ठेवत होतो तसा चार्ट ठेवायचा: बाहेरचं तापमान, ड्रायव्हरची बाजू, मधले दोन व्हेंट, उजवीकडची बाजू, मागची सीट. मग गाडी रस्त्यावर धावत असताना पुन्हा, मागे बसलेल्याने.

बाहेर ऐंशी-पंच्याऐंशी अंश असताना चांगल्या एसीच्या व्हेंटमध्ये चाळीस ते पन्नासच्या दरम्यान आकडा यावा. न्यूयॉर्कच्या जुलैत हवा दमट असते, तेव्हा थोडा वर जाईल. दोन बाजूंत चार-पाच अंशांचा फरक कोणी मनावर घेऊ नये. दहा-पंधराचा फरक असला तर मात्र काहीतरी दुखणं आहे.

सगळ्यात आधी बटणं पाहा. हसू नका. हल्लीच्या गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूंचं तापमान वेगवेगळं ठेवता येतं, आणि कोणा लहानग्याच्या बोटाने एक बाजू ऐंशीवर गेलेली असते. दोन्ही बाजू एक करणारं "सिंक" बटण असतं ते दाबावं. व्हेंटची झडप बंद नाही ना, हेही पाहावं.

बटणं ठीक आहेत आणि तरी एक बाजू गरम, तर दोन मुख्य संशय. डॅशबोर्डच्या आत थंड आणि गरम हवा मिसळणारी एक लहान झडप असते, दोन तापमानांच्या गाडीत अशा दोन. त्या हलवायला प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांची छोटी मोटर असते. चाकाचे दात तुटले की झडप अर्ध्यावर अडकते. गाडी सुरू करताना किंवा तापमान बदलताना डॅशबोर्डमागून टक-टक-टक आवाज येत असेल तर बहुधा हेच. दुसरा संशय गॅस कमी झाल्याचा. गॅस कमी असला की तो कॉइलच्या सुरुवातीच्या भागातच उडून संपतो आणि कॉइलचं दुसरं टोक कोरडं, गरम राहतं. ज्या बाजूचे व्हेंट त्या टोकाजवळ, तिकडे गरम हवा. या दोघांतला फरक घरच्या घरी थोडाफार ओळखता येतो. इंजिन तापल्यावर दोन्ही बाजू पूर्ण गरमवर लावा. हीटरमध्ये दोन्ही बाजू सारख्या तापल्या तर झडपा बहुधा हलताहेत, म्हणजे गॅसकडे बोट जातं. हीटरमध्येही एकच बाजू हट्टाने जशीच्या तशी राहिली तर झडप. मोटर स्वस्त असते, पण ती खोल बसलेली असली तर मजुरीच भारी पडते.

धावताना गार आणि थांबली की गरम, ही तक्रार क्वीन्सहून जर्सीला जाणार्‍यांची. बेल्ट पार्कवेवर छान गारवा, आणि व्हेराझानो पूल ओलांडून स्टॅटन आयलंडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की घामाच्या धारा. गाडी धावते तेव्हा वारा आपोआप कंडेन्सरमधून जातो. थांबली की ते काम रेडिएटरजवळच्या विजेच्या पंख्याचं. पंखा बंद पडला असेल, किंवा जाळीत पानं, किडे, झाडांचा कापूस अडकला असेल. जाळी असेल तर इंजिन गार असताना बागेच्या पाइपने हलक्या धारेने धुवावी, जोराच्या धारेने तिच्या पात्या वाकतात. पंख्याजवळ हात नेऊ नका, काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी तो एकदम सुरू होतो. बोटं शिवून घ्यायला आलेली माणसं आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. काही नव्या गाड्या सिग्नलला इंजिनच बंद करतात, मग एसी मंदावतो. त्यात बिघाड काहीच नाही, ती सोय बंद करायचं बटण असतं. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या तारा दिसतात, त्यांना घरच्या माणसाने शिवू नये.

लांबच्या प्रवासात तासाभराने वारा हळूहळू कमी होत गेला तर कॉइलवर बर्फ जमतोय. एसी बंद करून नुसता पंखा पंधरा-वीस मिनिटं चालवला की वारा परत येतो. याचं कारण कधी कमी गॅस, कधी सेन्सर, पण पुष्कळदा ग्लव्ह बॉक्समागचा हवेचा फिल्टर चोंदलेला असतो. तो वीस-पंचवीस डॉलरला मिळतो आणि वर्षातून एकदा बदलावा. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकलं तर घाबरू नका, तो कॉइलचा घाम. आतला गालिचा ओला झाला तर पाणी जायची नळी तुंबली आहे.

आता मिनीव्हॅन. यावर आम्ही जास्त लिहिणार, कारण आपल्यात आजी-आजोबांना आदराने पुढे बसवतात हे खरं, पण सामान, मुलं, मुलांच्या सीटा यांच्या भानगडीत ते तिसर्‍या रांगेत जाऊन बसतात.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका कुटुंबाकडे लोदहून काका आले होते, वय एक्याऐंशी. नातवाच्या मालिद्यासाठी पोहे आणि नारळ आणायला सगळे एडिसनला ओक ट्री रोडवर निघाले. परत येताना ट्रॅफिक. पुढे सूनबाई अंगावर ओढणी गुंडाळून बसलेल्या, इतकं गार. तिसर्‍या रांगेत काका गप्प. घरी पोचल्यावर त्यांना उतरताच येईना, चेहरा लाल, डोकं गरगरतंय. आम्ही त्या घरी आधीच जाऊन बसलो होतो. नाडी पाहिली, त्यांना आत पंख्याखाली निजवलं, मानेवर आणि काखेत ओले टॉवेल ठेवले. बोलणं शुद्ध होतं, ताप नव्हता, म्हणून घोट घोट पाणी दिलं. अर्ध्या तासात बरं वाटलं. "काका, उकडतंय असं सांगितलं का नाहीत?" तर म्हणाले, "पुढे सूनबाई कुडकुडत होती. मी म्हटलं उकडतंय, तर तिला अजून थंडी लागली असती. आणि पाहुण्याने गाडीला नावं ठेवू नयेत." आणि वर हेही, की लोदला याहून जास्त ऊन असतं!

त्या व्हॅनमध्ये काय झालं होतं? मोठ्या व्हॅनमध्ये मागच्या माणसांसाठी वेगळी कॉइल आणि वेगळा पंखा असतो. त्याचं बटण पुढे ड्रायव्हरजवळ आणि मागे छतालाही असतं. मागचा पंखा पुढून बंद केलेला होता, आणि बाजूच्या व्हेंटवर पोह्यांच्या पिशव्या रचलेल्या. दोन मिनिटांचं काम. पण मागचा पंखा चालू असूनही गरम हवा येत असेल तर मागची झडप किंवा मागे जाणार्‍या नळ्या तपासाव्या लागतात. त्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजून गळतात. मागे व्हेंटच नसलेल्या साध्या गाडीत मधले दोन व्हेंट वर छताकडे वळवावेत आणि पंखा मोठा करावा, म्हणजे हवा मागपर्यंत जाते. निघताना पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून आतली तापलेली हवा बाहेर घालवली तर एसीला कमी कष्ट.

काकांसारखी माणसं बोलत नाहीत, त्याला फक्त भिडस्तपणा कारण नाही. वय झालं की शरीराला उकाडा उशिरा कळतो, तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात लघवीची गोळी पाणी काढते, बीटा-ब्लॉकर नाडी वाढू देत नाही, ॲलर्जीच्या काही गोळ्या घाम अडवतात. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं गेली, त्यांत म्हातारी, एकटी राहणारी माणसं फार होती. आपला बिरड्याचा रोजा नेमका भर उन्हाळ्यात येतो. पाण्याशिवाय पंचवीस तास, आणि त्यात मागच्या सीटवर गरम वारा खात तेफिल्याला जाणं, हे सत्तरीपुढच्यांनी करू नये. मधुमेह, किडनी, हृदयाचं दुखणं असेल त्यांनी रोजाच्या आधी डॉक्टरांशी बोलावं.

गाडीत कोणी बरळायला लागलं, उभं राहता येईना, अंग भट्टीसारखं तापलं, १०४ किंवा वर, तर तो उष्माघात. लगेच ९११. वाट पाहताना अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ काखेत आणि जांघेत. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. टायलेनॉलचा इथे काही उपयोग नाही. इन्सुलिन गाडीत ठेवून दुकानात जाऊ नये, ८६ अंशांच्या वर ते बिघडतं.

बालमित्रांनो, उभी गाडी ही लपाछपीची जागा नाही. अमेरिकेत दर वर्षी सरासरी सदतीस मुलं तापलेल्या गाडीत मरतात. बरीचशी मोठ्यांकडून विसरली जातात, पण काही स्वतःच खेळायला आत शिरलेली असतात. २००५ साली "पीडिअ‍ॅट्रिक्स" मासिकात एक अभ्यास आला होता. बाहेर फार ऊन नसतानाही तासाभरात गाडीच्या आतलं तापमान सरासरी चाळीस अंश फॅरेनहाइट वाढलं, त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात, आणि काच बोटभर उघडी ठेवून काही फरक पडला नाही. चुकून अडकलात तर हॉर्न दाबा, दाबतच राहा, बहुतेक गाड्यांत तो किल्लीशिवाय वाजतो. डिकीत अडकलात तर अंधारात चमकणारी मूठ शोधा आणि ओढा, २००२ च्या मॉडेलपासून डिकीच्या गाड्यांत ती असावीच लागते.

आता बाराशे डॉलरवाल्या भगिनीचं उत्तर. दुकानात गॅसचे डबे मिळतात, ते स्वतः भरू नका. त्याच्या मीटरवर एकाच बाजूचा दाब कळतो. जास्त भरला तर थंडी कमी होते आणि कॉम्प्रेसर जातो. काही डब्यांत गळती बुजवायचं रसायन असतं, ते असेल तर पुष्कळ गॅरेजवाले गाडीला हात लावायला तयार होत नाहीत, त्यांची मशीन खराब होते. पातळ गॅस हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं पाण्याने धुऊन इमर्जन्सीत जावं लागतं. शिवाय गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. तेव्हा गॅरेजवाल्याला विचारा: दोन्ही बाजूंचे दाब किती आले? गळती कुठे दिसली? रंग घालून दिव्याखाली पाहिलंत का? जुना गॅस काढून चिठ्ठीवरच्या वजनाप्रमाणे नवा भरणार का? या कामासाठी त्याच्याकडे "सेक्शन ६०९" चं सर्टिफिकेट असावं लागतं, ते मागायला लाजू नका. न्यूयॉर्क राज्यात दुरुस्तीचं दुकान डी.एम.व्ही.कडे नोंदलेलं असावं लागतं, मागितला तर लेखी अंदाज द्यावा लागतो, आणि काम सुरू होण्याआधी लिहून मागितले तर काढलेले जुने भाग परत मिळतात. गाडी २०१६ ते २०१८ ची होंडा सिव्हिक असेल तर कंडेन्सरची वॉरंटी कंपनीने वाढवून पहिल्या विक्रीपासून दहा वर्षांची केली आहे, पैसे देण्याआधी तारीख पाहून डीलरला फोन करा.

चार्ट करणार्‍या मुलांनी तो स्वतःच्या अक्षरात, जमलं तर मराठी आकड्यांत लिहून संपादकांकडे पाठवावा. गाडीचं नाव, साल आणि सगळ्यात गरम सीटवर घरातलं कोण बसतं, हेही लिहा. पुढच्या अंकी आम्ही कानात घालायच्या मशीनच्या बॅटर्‍यांबद्दल लिहिणार आहोत, त्याविषयीचे प्रश्न आताच पाठवले तरी चालतील.